कोळीवाड्यातलं पथ्य

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेली माणसं ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे येतात, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "आधी? आधी काय करता?" या मावशींच्या मुलानेही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, फक्त जरा चढ्या आवाजात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

जूनचे दिवस होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. मावशी वरळी कोळीवाड्यातल्या, साठीच्या आसपासच्या. जन्मभर पहाटे ससून डॉकवर जाऊन माल उचलायचा आणि नाक्यावर बसून विकायचा. जठराचा कॅन्सर निघाला. दर दोन आठवड्यांनी एक अशा केमोच्या चार सायकली नुकत्याच संपल्या होत्या. सर्जनने महिन्याभराने ऑपरेशनची तारीख दिली होती आणि केस पेपरवर 'प्रीहॅब', म्हणजे ऑपरेशनआधी शरीराची तयारी, असं लिहून त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं.

मुलगा व्हीलचेअर ढकलत आला. मागे सून, हातात थर्मास, खांद्यावर शाल. मी मावशींना म्हटलं, उठून या खुर्चीपर्यंत या बघू. मुलगा मध्येच म्हणाला, "मॅडम, आईला आराम सांगितलाय." कुणी सांगितला, असं विचारलं तर नाव कुणाचंच निघेना. सर्जनने नाही, केमोच्या डॉक्टरांनी नाही. तो आराम घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गावाहून फोन करणाऱ्या मावसबहिणींनी मिळून सांगितलेला होता. गेले दोन महिने मावशी पलंगावरून संडासापर्यंत आणि परत, एवढ्याच चालत होत्या. तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नव्हतं.

"मना नको होती ती गाडी," मावशी म्हणाल्या. "हाच ऐकत नाय."

मुलाची खरी भीती वेगळीच होती, ती थोड्या वेळाने बाहेर आली. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की आम्ही व्यायाम-बियायामाच्या नावाखाली ऑपरेशन लांबवतोय आणि तेवढ्यात गाठ वाढणार. त्याला नीट सांगावं लागलं, की केमोनंतर रक्तातल्या पेशी वर यायला, शरीर सावरायला काही आठवडे थांबावंच लागतं. ते आठवडे पलंगावर काढायचे की कामाला लावायचे, एवढाच आमचा प्रश्न. तारीख आम्ही एका दिवसानेही हलवणार नव्हतो. तो गप्प झाला, पण पटलं असावं असं वाटलं नाही.

मग सहा मिनिटांची वॉक टेस्ट. तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन शंकू. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दमलात तर थांबा, पण घड्याळ थांबत नाही. या चाचणीत परीक्षकाने गप्पा मारायच्या नसतात. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य ठरलेल्या सुरात म्हणायचं, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत." हा नियम करणाऱ्यांना कोळीण भेटलेली नसावी. मावशी प्रत्येक वाक्याला उत्तर देत होत्या आणि त्यातच त्यांचा अर्धा दम जात होता. तिसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकून थांबल्या, पदराने घाम पुसला आणि पुन्हा निघाल्या. एकूण अडीचशे मीटरच्या आसपास. ज्या बाईने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली तिच्यासाठी हा आकडा फार कमी होता, आणि ते मी सांगायच्या आधी त्यांनाच कळलं होतं.

केमोतल्या एका औषधामुळे पायाची बोटं बधिर झाली होती. त्याच औषधाने गार वस्तूला हात लावला की विजेसारखी कळ जाते. मावशींनी ते सहज सांगितलं, "बर्फात हात घालवत नाय आता." मासळी विकणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा काय असेल, असं माझ्या मनात आलं. बहुतेकांमध्ये ही कळ औषध थांबल्यावर हळूहळू जाते. बधिरपणा मात्र रेंगाळतो, म्हणून चालताना तोल सांभाळावा लागतो.

दिवसातली खरी गंमत डाएटिशियनच्या टेबलाशी झाली. माझी मैत्रीण तिथे असते. तिने विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं? सून पाठ केल्यासारखी सांगू लागली: सकाळी पेज, मग शहाळं, दुपारी मुगाचं पाणी आणि मऊ भात, संध्याकाळी अर्धं सफरचंद, रात्री परत पेज. "आणि मासे?" सुनेने जीभ चावली. "कॅन्सरला मासे? पथ्य आहे ना."

ज्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील आणि जवळा डबे भरभरून ठेवलाय, त्या घरातली मुख्य बाई दोन महिने पेजेवर! अंडंसुद्धा बंद, का तर उष्ण. दूध बंद, का तर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी म्हणालं की दुधाने गाठ वाढते. सहा महिन्यांत वजन चोपन्न किलोवरून सेहेचाळीसवर आलं होतं, आणि सगळ्यांनी ते आजाराच्या नावावर टाकलं होतं. आजाराचा वाटा होताच, पण सगळा नाही.

मैत्रिणीने कागदावर हिशोब मांडला. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे मावशींना ५५ ते ७० ग्रॅम, आणि पोटात जात होती जेमतेम पंधरा-वीस. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, माशाच्या चांगल्या दोन तुकड्यांत वीसच्या आसपास. मावशी मध्येच म्हणाल्या, "मग सुकट खाते ना!" सुक्या मासळीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात हे खरं, पण मीठही रग्गड असतं, आणि खारवलेल्या मासळीचा जठराच्या कॅन्सरशी संबंध आहे. रोज सुकट नाही, यावर मैत्रीण अडून बसली. दोघींची घासाघीस बराच वेळ चालली. शेवटी ठरलं ते असं: सुकं आठवड्यातून एकदा, तेही भिजवून, पाणी टाकून. बाकी दिवस बाजारात मिळेल ती ताजी मासळी, काटे काढून. रोज दोन उकडलेली अंडी, दूध-दही, पेजेत दूध पावडर. आणि ताट भरून नाही, दर दोन तासांनी थोडं थोडं, कारण जठराची गाठ असली की दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं.

सुनेने सगळं लिहून घेतलं आणि जाता जाता हळूच सांगितलं, "मॅडम, मिश्री पण आहे." दिवसातून चार वेळा. तंबाखू ती तंबाखूच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. मावशींनी सुनेकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर काय झालं असेल याची कल्पना आली. मिश्री पूर्ण सुटली का, हे मी शपथेवर सांगणार नाही.

माझ्या वाट्याचं काम साधं होतं: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, रोज चालणं, आणि श्वास. तीन चेंडूंचं ते श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, स्पायरोमीटर, हातात दिलं की दहातले नऊ जण त्यात जोरात फुंकतात. मावशींनीही फुंकलं. आत ओढायचंय म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "शहाळ्याचं पाणी नळीने ओढतात तसं ना?" तसंच! पोटाच्या वरच्या भागात टाके असले की दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पोटावर उशी दाबून खोकायचं कसं, हे टाके पडायच्या आधी शिकवलं तर बरंच काही वाचतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला २०१८ सालचा एक अभ्यास मला यासाठी फार आवडतो. ४४१ रुग्ण होते. ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टची अर्ध्या तासाची एकच भेट, आणि फुप्फुसाच्या तक्रारी निम्म्यावर.

चालायचं कुठे, हा प्रश्न उरला. कोळीवाड्याच्या गल्ल्या अरुंद, त्यात पावसाने निसरड्या. मावशींनीच तोडगा काढला: गोल्फादेवीच्या देवळाच्या पायऱ्या. पायऱ्या मला हव्याच होत्या, पण बधिर बोटांची धास्ती होती. अटी घातल्या: पाऊस थांबलेला असताना, मागे पट्टा असलेल्या चपला घालून, सून शेजारी, आणि बोलता बोलता धाप लागली की थांबायचं. मुलगा पुन्हा अडून बसला. मग घरच्यांनी देवीला कौल लावला. कौल उजवा मिळाला. माझं सगळं शास्त्र जिथे कमी पडलं तिथे हे चाललं, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

पुढच्या आठवड्यांत दर मंगळवारी फोन. लोहाची सलाईनही मध्ये झाली. ऑपरेशनच्या आठवड्यात पुन्हा वॉक टेस्ट घेतली तेव्हा मावशी कुठेही न थांबता तीनशे वीसच्या पुढे गेल्या. तीस मीटरची वाढसुद्धा आम्ही मोलाची मानतो. वजन दीड किलोने वाढलं होतं. मुलगा कॉरिडॉरच्या टोकाला उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर नळ्या-पिशव्यांसकट पलंगाच्या कडेला बसलेल्या, उशी पोटावर, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंना खोकायचं कसं ते शिकवत होत्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. टाक्यांच्या एका टोकाला पू झाला आणि मुक्काम काही दिवसांनी वाढला. प्रीहॅब केलं की गुंतागुंत होतच नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आतड्याच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांवरचा २०२३ साली छापून आलेला अभ्यास सांगतो, की चार आठवड्यांच्या तयारीने गंभीर गुंतागुंत २९.७ टक्क्यांवरून १७.१ टक्क्यांवर आली. शून्यावर नाही. पण छाती साफ राहिली, आणि मावशींच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच होती.

डिस्चार्जच्या वेळी सूचना सांगत होते. थोडं थोडं आणि सावकाश खायचं, गोड एकदम नाही, चालणं चालू, आणि जड उचलायचं नाही.

"जड म्हणजे किती?" मावशी.

"सध्या दोन-तीन किलोच्या वर नाही."

"बर्फासकट का बर्फाशिवाय?"