हात तोच, रिमोट तोच

त्या दुपारी टेस्टिंगच्या खोलीत जे दिसलं ते अजून डोक्यातून जात नाही. निन्टेंडोच्या वी कन्सोलवर, म्हणजे टीव्हीकडे रिमोट रोखून खेळायच्या गेमयंत्रावर, आम्ही बनवत असलेल्या शूटरचं, म्हणजे गोळीबाराच्या गेमचं, नवं बिल्ड (चाचणीची आवृत्ती) लावलं होतं. एक मुलगा वीस मिनिटं खेळला आणि एका दारातून आत शिरताना तीनदा भिंतीला धडकला. मग त्याच टीव्हीवर, तोच रिमोट घेऊन त्याने 'रेसिडेंट ईव्हिल: द अम्ब्रेला क्रॉनिकल्स' लावला आणि एकामागून एक अचूक गोळ्या मारू लागला. हाताचा दोष नव्हताच.

2007 च्या त्या गेममध्ये कॅमेरा रुळावरून गेल्यासारखा आपला आपण सरकतो, खेळाडूने फक्त नेम धरायचा. आमच्याकडे नेम धरणं आणि मान वळवणं ही दोन्ही कामं एकाच कर्सरच्या गळ्यात. अशा गेममध्ये पडद्याच्या मधोमध एक अदृश्य चौकोन असतो. कर्सर आत असला की नुसता नेम हलतो, बाहेर गेला की कॅमेरा वळतो. चौकोन लहान ठेवला तर हाताच्या साध्या थरथरीनेही दृश्य डुलतं. मोठा ठेवला तर मागे वळायला रिमोट पार कडेला न्यावा लागतो, आणि घात तिथेच होतो. टीव्हीवरच्या सेन्सर बारला नाव सेन्सरचं असलं तरी त्यात फक्त इन्फ्रारेड दिव्यांचे दोन पुंजके असतात. बघणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाला असतो. पुंजके त्याच्या नजरेआड झाले की कर्सर गायब. आमचं बिल्ड त्या क्षणी वळणंच थांबवत होतं. शत्रू पाठीमागे आणि खेळाडू जागच्या जागी खिळलेला!

संध्याकाळी ते बदललं. सिग्नल तुटला तर शेवटची दिशा आणि वेग तसाच चालू ठेवायचा. चौकोनाच्या कडेला वळण्याचा वेग शून्यापासून सुरू करून बाहेर जाल तसा वाढवायचा. मनगट तिरकं धरणारे बरेच असतात. दोन पुंजक्यांमधली रेघ किती कलली आहे त्यावरून कर्सर सरळ करायचा, नाहीतर हात आडवा नेला तरी तो तिरपा पळतो. थरथर लपवण्यासाठी आधीच्या आठ फ्रेममधल्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांमधल्या, कर्सरच्या जागांची सरासरी घेतली जात होती. सेकंदाला 60 फ्रेम असताना त्यात साडेतीन फ्रेमचा, म्हणजे जवळपास 58 मिलिसेकंदांचा उशीर होतो. हात हळू फिरत असेल तेव्हाच सरासरी जास्त घ्यायची आणि झटका आला की कमी, असं केल्यावर कर्सर हाताबरोबर चालू लागला.

एका गोष्टीचा मात्र राग अजून आहे. गोळ्या भरायला रिमोट झटकायचा, असा वरून हट्ट होता, कारण जाहिरातीत ते छान दिसतं. ज्या हाताने नेम धरलाय तोच झटकला की नेम जाणारच. ते काम डाव्या हातातल्या नंचकवर, म्हणजे रिमोटला वायरने जोडलेल्या दुसऱ्या कंट्रोलरवर, द्यायला आठवडाभर भांडावं लागलं.

नव्या बिल्डवर तोच मुलगा दारातून नीट गेला. पण त्याच सेटिंगवर दुसऱ्या टेस्टरला, आधी कधी शूटर न खेळलेल्या बाईंना, पाच मिनिटांत गरगरलं. 2009 मध्ये आलेल्या 'द कंड्युट'मध्ये चौकोनाचा आकार, वळण्याचा वेग, सगळं खेळाडूला स्वतः बदलता येत होतं. आमच्याकडेही ते होतं, पण मेनूच्या तिसऱ्या पानावर. सुरुवातीची सेटिंग दोघांच्या मधली ठेवली गेली. ती त्या मुलाला संथ वाटली आणि बाईंना तरीही गरगरलंच. तिसऱ्या पानापर्यंत दोघांपैकी कुणीच गेलं नाही.