बाटलीवरचे ते दोन पाणी

अकरावीत मोल, म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक, शिकताना आमच्या अर्ध्या वर्गाची गाडी एकाच ठिकाणी अडायची: इथे भागायचं की गुणायचं? बाईंनी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी टेबलावर चार वस्तू मांडल्या. ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर, ५६ ग्रॅम लोहकीस आणि पेल्याच्या तळाशी जेमतेम १८ ग्रॅम पाणी. मीठ-साखरेच्या पुड्या इंदूरच्या राजवाड्याजवळच्या किराणा दुकानातल्या, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकात एकेक मोल. वर्गात शिकवणं हिंदीतून, पण अडलेल्याला जवळ बोलावून बाई मराठीत समजवायच्या. माझं घर सराफ्यात, म्हणून मला सोनं दिलं. एक तोळा ११.६६ ग्रॅम, सोन्याचा मोल १९७ ग्रॅमचा. भागलं की ०.०५९ मोल. उलट, मोलवरून ग्रॅमवर यायचं तर गुणायचं. त्या दिवसापासून मी कधी अडखळलो नाही.

चूक झाली ती बारावीच्या प्रात्यक्षिकात. ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ मोलर द्रावण, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल; २५० मिलिला ०.०२५ मोल. मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलाचं वजन, ९० ग्रॅम धरून मी २.२५ ग्रॅम तोललं. काचेच्या पेटीतला तराजू, चिमट्याने उचलायची वजनं, काटा स्थिरावेपर्यंत रोखलेला श्वास. तोलण्यात कसूर नव्हती. पण टायट्रेशनला, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब दुसरं द्रावण सोडून रंग बदलेपर्यंत किती लागतं ते मोजताना, सगळ्यांचं ब्युरेट २० मिलिच्या आसपास थांबलं आणि माझा फ्लास्क १४.३ लाच गुलाबी झाला. तीनदा केलं, तीनदा तेच.

बाईंनी माझी वही उघडलीच नाही. बाटली आणली आणि लेबलावर बोट ठेवलं. सूत्राच्या शेवटी एक टिंब आणि दोन पाणी. "हे पाणीसुद्धा स्फटिकातच आहे ना रे? ते कोण तोलणार?" ९० आणि ३६, १२६. हवं होतं ३.१५ ग्रॅम. शाळा सुटल्यावर त्या माझ्यासाठी थांबल्या. दुसऱ्या द्रावणाला २० मिलि लागलं, तेव्हा माझ्याइतक्याच त्याही खूश झाल्या.

पुढे पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात लागलो. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलसाठी त्याचं पाणी धरलेलं रूप, ट्रायहायड्रेट, घ्यावं लागतं ५७४ मिलिग्रॅम, कारण एका रेणूमागे तीन पाणी: ३६५ चे ४१९ होतात. ते पाणी हिशेबात धरलं नाही, तर आजाऱ्याच्या पोटात औषध कमी जातं. नवीन बॅच आली की आजही मी आधी लेबल वाचतो, मग कॅल्क्युलेटर हातात घेतो.

शाळेच्या महोत्सवाला येईन तेव्हा प्रयोगशाळेत तो काचेच्या पेटीतला तराजू अजून असला, तर एकदा बघायचाय. आणि बाई आल्या, तर ती संध्याकाळ त्यांना आठवते का, तेही विचारायचंय.