आमची वाटचाल: जेवणाच्या टेबलावरची बांधणी

आम्ही घरीच हाताने वह्या शिवतो आणि जुनी पुस्तकं बांधतो. आमच्याकडे पुठ्ठ्यावर कापड चढवायचं काम रात्री, घरातले सगळे आडवे झाल्यावरच होतं. हे आधीच सांगते, म्हणजे 'एवढ्याशा वह्यांना इतके दिवस कसे लागतात' या प्रश्नाचं उत्तर एकदाचं देऊन होईल. पांढरा गम लावला की हातात काही मिनिटंच असतात. तेवढ्यात कापड ताणायचं, कोपरे मुडपायचे, हाडाच्या पट्टीने घोटून आतली हवा बाहेर काढायची. मध्येच दाराची बेल वाजली किंवा धाकट्याने कंपासपेटीसाठी हाका मारल्या, की कापडाला सुरकुती पडते, आणि एकदा पडलेली सुरकुती कितीही घोटली तरी जात नाही. शिलाईचं तसं नाही. एक फर्मा, म्हणजे एकात एक दुमडलेल्या कागदांचा जुडगा, शिवला, टोकाची गाठ मारली, सुई खोचून ठेवली आणि उठलं. तासाने परत या नाहीतर दुसऱ्या दिवशी या, दोरा आहे तिथेच असतो.

हातकामात थांबवता येणारं काम आणि न थांबवता येणारं काम असे दोनच प्रकार असतात. घर सांभाळून ज्यांना असं काही करायचं आहे, त्यांनी वेळापत्रकाच्या नादी लागण्याआधी आपलं काम या दोन ढिगांत वाटून घ्यावं. आमच्या घरी कागद दुमडणं, भोकं पाडणं, दोऱ्याला मेण लावणं, शिलाई करणं हे दिवसाचं. मुलं अभ्यासाला बसली की त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी बसते. गम, खळ (पिठाची शिजवलेली चिकट पेज) आणि पातं रात्रीचं. पात्याला हा नियम गमापेक्षाही कडक. अडीच मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, कापणाऱ्या कटरला बोट आणि बोर्ड यांतला फरक कळत नाही.

ही वाटणी मला सासऱ्यांनी शिकवली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. छापखान्यात बाइंडर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना घरात करमेना. मी तेव्हा धाकट्याच्या वेळी नोकरी सोडलेली. मुलीच्या फाटक्या अ‍ॅटलासला मी चिकटपट्टी लावत होते, ते पाहून अण्णा अक्षरशः ओरडले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो, प्लॅस्टिक गळून पडतं आणि डाग राहतो. त्यांनी खळ शिजवली, पातळ कागदाची पट्टी हाताने फाडली (कापली नाही, कारण फाडलेल्या कडेचे तंतू खालच्या कागदात मिसळतात) आणि ते पान असं जोडलं की जोड शोधावा लागला. खळीचा मोठा गुण असा की पाण्याने ती पुन्हा सुटते. पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर त्याला वाट मोकळी राहते. पांढरा गम एकदा धरला की सोडत नाही. म्हणून जुनं पुस्तक असेल तर खळ आणि नवी वही असेल तर गम, हा आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा नियम.

अण्णांची हत्यारं हेच आमचं भांडवल. पुस्तक दाबून धरायचा लाकडी शिकंजा, ज्याचे दोन स्क्रू सारखे आवळले नाहीत तर पुस्तक तिरकं दबतं. भोकं पाडायची आरी. वापरून वापरून एका बाजूने झिजलेली हाडाची पट्टी. ती आता माझ्या अंगठ्याला इतकी बसली आहे की नवी घेतली तर काम बिघडतं. सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, वितळवायचं दुहेरी भांडंही त्यांनी आणलं होतं, पण सरसाचा वास घरात दोन दिवस राहतो. त्यावरून मुलीने आणि नवऱ्याने एकत्र बंड केलं आणि भांडं माळ्यावर गेलं. मोरचुदावरून मात्र खरं भांडण झालं. खळीला कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालायचे आणि अण्णांनाही तीच सवय. मोरचूद विषारी असतं आणि धाकटा तेव्हा दिसेल ते तोंडात घालायचा. मी म्हटलं, अण्णा, या घरात एक तर मोरचूद राहील नाहीतर मी. ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी लागेल तेवढीच खळ रोज ताजी शिजवायला सुरुवात केली आणि जणू ही कल्पना त्यांचीच होती अशा थाटात मला म्हणाले, 'सूनबाई, शिळी खळ कधी वापरायची नसते.'

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पक्षी बघत हिंडणारे एक काका. त्यांना एका हातावर सपाट उघडी राहील, खिशात मावेल आणि कणा मोडणार नाही अशी वही हवी होती. दुकानातली वही दुसऱ्या महिन्यात दोन तुकडे होते, ही त्यांची तक्रार. आम्ही त्यांना साखळी टाक्याची उघड्या पाठीची वही करून दिली. वही हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'ताई, नुसत्या दोऱ्यावर हे टिकेल?' मी त्यांना इंग्लंडमधल्या सेंट कथबर्टच्या शुभवर्तमानाबद्दल सांगितलं. बायबलच्या एका भागाचं ते हस्तलिखित आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, शिलाई याच जातीची, आणि मूळ बांधणी अजून शाबूत. २०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने ते कायमचं विकत घेतलं. काका म्हणाले, 'मला एवढं नको, एक पावसाळा निघाला तरी पुष्कळ.' त्यांचे कित्येक पावसाळे निघाले. अजूनही तीच वही, तोच आकार, तोच शंभर ग्रॅमचा कागद. एकदा मी दोऱ्याचा रंग बदलला, तर वही परत आली आणि सोबत चिठ्ठी: 'हिरवा दोरा होता. हिरवाच हवा.'

आता मोठ्या ऑर्डरबद्दल. हे लिहू नको असं नवरा म्हणतो. मी लिहिणार.

एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीला आपल्या लोकांना भेट द्यायला हाताने शिवलेल्या वह्या हव्या होत्या. आमच्या तोपर्यंतच्या कुठल्याही कामाच्या कैक पट मोठी ऑर्डर. आतले कागद आणि शिलाई आमची. पुठ्ठे आणि वरचं छापील आवरण मात्र त्यांच्या छपाईवाल्याकडून कापून येणार, आणि पैसे माल पसंत पडल्यावर. मुलीची वार्षिक परीक्षा आणि अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच महिन्यात होतं, तरीही आम्ही हो म्हटलं. ज्यांनी कधी हातकामावर घर चालवलंय, त्यांना असं का होतं हे सांगायला नको.

पुठ्ठे आले. मी एक हातात घेऊन दोन्ही दिशांना वाकवून पाहिला आणि पोटात गोळाच आला. ग्रेन आडवी होती. या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. कागदाचे तंतू मशीनवर एकाच दिशेने बसतात, त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून पुठ्ठ्याची, आवरणाची आणि आतल्या पानांची ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर, म्हणजे उभी लागते. आडवी असेल तर गम लागताच पुठ्ठ्याची वरची आणि खालची कड वळायला लागते आणि कितीही वजन ठेवा, हवा दमट झाली की पुन्हा वळते. छपाईवाल्याने एका तावात जास्त आवरणं बसावीत म्हणून ती आडवी मांडली होती आणि पुठ्ठेही तसेच कापले होते. त्याचे ताव वाचले.

मी त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल केला. पुठ्ठ्याची पट्टी ओली करून ती कोणत्या बाजूने वळते याचा फोटोही जोडला. उत्तर आलं: वेळ नाही, आहे तेच लावा. तो ईमेल माझ्याकडे अजून आहे.

लावले. त्या दिवसांत थांबवता येणारं आणि न थांबवता येणारं यातला सगळा फरक पुसला गेला. दिवसाही गम, रात्रीही गम. जेवण जमिनीवर बसून, कारण टेबलावर दाबाखाली वह्या. मुलगी दादरावर बसून इतिहास पाठ करायची. अण्णांच्या डोळ्यात दर काही तासांनी थेंब घालायचे, तर माझी बोटं गमाने चिकट. नवरा ऑफिसातून आला की आधी हात धुऊन थेंब घालायचा आणि मग कागद दुमडायला बसायचा. वह्या वेळेवर गेल्या आणि आठवड्याभरात परत आल्या. कडा वाकल्या होत्या. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की घरगुती कामात दर्जाचं सातत्य राहत नाही, हे आम्हाला आधीच समजायला हवं होतं.

मी तो जुना ईमेल पुढे पाठवला. उत्तर नाही. फोन केला, तर संबंधित साहेब रजेवर. कागदवाल्याची उधारी आमच्या डोक्यावर, आणि वह्यांची खोकी पलंगाखाली, कपाटावर, मुलांच्या खोलीत.

बंद करायचं असं ठरलंच होतं. नवऱ्याने तसं बोलूनही दाखवलं आणि मी वाद घातला नाही. अण्णा मात्र डोळ्यावर काळा चष्मा लावून एक वही हाताने चाचपत बसले. नीट दिसत नव्हतं तरी बोटांनी शिलाई तपासली आणि म्हणाले, 'आतलं काम चोख आहे. वरचं त्यांचं आहे, ते काढून टाका.' शिवलेला गठ्ठा आमचा, त्याची ग्रेन उभी, त्याला काहीच झालं नव्हतं. आम्ही सांध्यावर पातं फिरवून पुठ्ठे सोडवले. कंपनीच्या बोधचिन्हाचं पान वेगळं चिकटवलेलं होतं, तेही निघालं. पाठीला नवी मलमल, नवीन अस्तर, आमचे उभ्या ग्रेनचे पुठ्ठे आणि वर साधं कापड. हे सगळं हळूहळू, पुन्हा रात्रीच्या वेळी आणि थोडं थोडं. काकांनी पुढच्या काही वर्षांच्या वह्यांचे पैसे आगाऊ देऊन टाकले आणि वर दम दिला की आकार त्यांचाच पाहिजे, उरलेल्या मालातला गळ्यात मारायचा नाही. कागदवाल्याची उधारी फिटली. कंपनीकडून आजवर एक पैसा आलेला नाही.

आणि त्यांची पुढच्या वर्षीची ऑर्डर कुणाला मिळाली? जी मंडळी आमच्याच टेबलावर बसून अण्णांकडून टाके शिकून गेली, त्यांना. नाव घेत नाही. शिकले याचं वाईट वाटत नाही, विद्या कुणाच्या बापाची नसते. राग याचा की ते शिवतच नाहीत. मशीनवर पाठ कापली की घड्या जातात आणि पानं सुटी होतात. मग ती गरम गोंदात उभी करायची आणि बाहेरून पाठीवर शोभेचा दोरा ओढायचा. वर लेबल 'हाताने शिवलेली'. हा गोंद थंडीत कडक होऊन तडकतो आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत मऊ पडतो. कुणी कौतुकाने त्यांची वही दाखवली की मी गप्प बसते आणि ती मधोमध उघडून परत देते. चार ताव एकात एक दुमडून फर्मा केला असेल तर दर आठ पानांनी घडीच्या पोटात दोरा दिसायला हवा. तुम्हीही वही घेताना एवढं बघा. दोरा दिसला नाही तर तो फक्त बाहेर आहे.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एक मोठी कात्री आली, जी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर आहे. मुलगी आता माझ्यापेक्षा सरळ भोकं पाडते, पण तिला सुट्टीतच बसवते आणि तेही तिने विचारलं तर. घरचं माणूस म्हणजे फुकटचा कामगार, असं मानून बरीच छोटी दुकानं चालतात. काही वर्षांत ती घरंही चालत नाहीत. मुलीला वहीमागे ठरलेले पैसे मिळतात आणि वाकडी शिलाई तिने स्वतःच उसवायची. अण्णा शिकंज्याजवळच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या चुका काढतात.

अजून एक, न विचारता सांगते. घरातून काम करता म्हणून कुणी 'मोकळ्याच असाल' असं म्हणालं तर हसून सोडून देऊ नका. आमच्या दारावर कामाच्या वेळा लावल्या आहेत आणि त्या पहिल्यांदा नातेवाइकांसाठी आहेत, गिऱ्हाइकांसाठी नंतर. नणंदबाई सुरुवातीला रुसल्या. आता येण्याआधी फोन करतात.

मागच्या आठवड्यात त्याच कंपनीच्या कुणा नवीन बाईंचा ईमेल आला. जुनं त्यांना बहुधा काहीच माहीत नाही, बोलल्याही छान. आम्ही दरपत्रक पाठवलं आहे. निम्मी रक्कम आगाऊ, जुनं बिल आधी चुकतं, पुठ्ठे आणि आवरण आमच्याकडून, ग्रेन आम्ही ठरवणार. शिवाय धाकट्याची यंदा दहावी आहे, तेव्हा त्याचा शेवटचा पेपर होईपर्यंत काम सुरू होणार नाही, हेही लिहिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.