स्विफ्ट, सिटी की स्लाव्हिया? कुंभार्ली घाटातून बघितलं तर

नवी गाडी घ्यायची ठरलं तेव्हापासून घरात, ऑफिसात, अगदी केस कापायला बसलो तरी तीनच वाक्यं ऐकतोय. मारुती घे डोळे झाकून. टाटा घे, लोखंड आहे लोखंड. आणि स्कोडाच्या नादाला लागू नकोस, पार्ट बदलायला जमीन विकावी लागेल. तिन्हीत थोडं थोडं खरं आहे, पण सांगणाऱ्यातल्या बहुतेकांनी गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या गाडीशिवाय दुसरी गाडी चालवलेली नाही राव.

आधी माझं रनिंग सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय गाडीवर बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा. राहायला कराड, सासुरवाडी चिपळूण. म्हणजे महिन्यातून एक-दोनदा पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि परत चढायचा, बाकी वेळ गावातल्या गावात आणि कधीतरी पुणे. वर्षाला धरा १२ हजार किलोमीटर. एवढ्यासाठी डिझेल घेण्यात काही अर्थ नाही, महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सपण पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त बसतो. सीएनजी घेतली तर चिपळूणला जाताना पोरांच्या बॅगा मांडीवर. म्हणून पेट्रोल, आणि मॅन्युअल, कारण घाटात गिअर माझ्या हातात असलेला मला आवडतो. वाद घालू नका.

आता ब्रँड. ब्रँडवर माझा विश्वास उडाला तो एका इंजिनमुळे. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसीचं डिझेल. हेच इंजिन स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने यायचं, इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने, आणि फियाटच्याच लिनिया-पुंटोत तर ते स्वतःच्याच घरी होतं. मारुती लायसन्सवर मानेसरला बनवायची, फियाट-टाटा आपल्या रांजणगावला. इंजिन तेच, पण लोकांचं मत बघा. स्विफ्ट डिझेल म्हणजे कधी दगा न देणारी, व्हिस्टा म्हणजे टॅक्सीवाल्यांची, आणि लिनिया म्हणजे बापरे, फियाट, नको. ज्यांनी लिनिया चालवलीये ते अजून तिच्या स्टिअरिंगचं नाव काढतात, पण विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक मिळेना. मग फरक कशात होता? मारुतीचा फिल्टर, क्लच प्लेट, लोअर आर्म तालुक्याच्या दुकानात मिळायचा, फियाटच्या पार्टसाठी थांबावं लागायचं. गाडी भरवशाची आहे असं आपण म्हणतो ना, त्यातला अर्धा भरवसा गाडीचा नसतोच, तो कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा असतो.

याचं उलटं उदाहरण मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा. २०१९ मध्ये टोयोटाने बलेनोलाच आपला लोगो लावला, गाडी सुझुकीच्याच प्लांटमधून यायची. तेव्हा मारुती २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर वॉरंटी द्यायची आणि टोयोटा त्याच गाडीवर ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. (२०२४ मध्ये मारुतीनेपण तेवढीच केली.) एकाच गाडीवर दोन वेगवेगळ्या वॉरंट्या, आता यात कुठल्या ब्रँडला जास्त भरवशाचं म्हणणार? स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टसपण आतून एकच, दोन्ही चाकणला बनतात, तरी लोक त्यावर तासभर भांडतात.

असो. माझ्या यादीत शेवटी तीन गाड्या राहिल्या. नवी स्विफ्ट, होंडा सिटी आणि स्लाव्हिया १.० टर्बो. टाटाची नेक्सॉन का नाही असं सगळ्यांनी विचारलं. गाडी मजबूत आहे यात वादच नाही, २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी तीच, पण मला उंच गाडी नको होती, आणि त्याचं कारण आमची आई. आईला घाट लागतो. हेळवाक सोडलं की प्लास्टिकची पिशवी हातात. लोक ड्रायव्हिंगची मजा म्हणजे शंभरच्या पुढे किती लवकर जाते ते बघतात, माझ्यासाठी मजा म्हणजे आईने पिशवी न मागणं. हसू नका, तांत्रिक बाब आहे ती. गाडी वळणात कमी कलली, ब्रेक दाबल्यावर नाक खाली गेलं नाही, ॲक्सिलरेटर थोडा दाबला तर थोडंच ओढलं, की मागे बसलेल्याचं पोट शांत राहतं आणि चालवणाऱ्यालापण मजा येते. दोन्ही एकच आहे.

खर्चाचं बोलू. आपल्याकडे खर्च म्हटलं की सर्व्हिसचं बिल. मी एक दिवस वही घेऊन बसलो आणि सगळं किलोमीटरवर काढलं. समजा १५ लाखाची सेडान पाच वर्षांनी निम्म्या किमतीत गेली, तर साडेसात लाख गेले, ६० हजार किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला साडेबारा रुपये. पेट्रोल १०५ ने धरलं आणि ॲव्हरेज १५ तर किलोमीटरला ७ रुपये. आणि सर्व्हिस वर्षाला १२ हजार धरली तर किलोमीटरला फक्त १ रुपया! दुप्पट महाग सर्व्हिस असली तरी २ रुपये. म्हणजे आपण त्या एका रुपयावरून ब्रँड ठरवतो आणि साडेबारा रुपयाकडे कुणी बघत नाही. स्विफ्टचं बघा, १० लाखाची, पाच वर्षांनी ६ लाखाला गेली असं धरलं तर किलोमीटरला साधारण पावणेसात रुपये, ॲव्हरेज १८ तर पेट्रोल पावणेसहा. हिशोबात स्विफ्टला तोड नाही, हे मान्यच करायला पाहिजे.

पण तीच १५ लाखाची गाडी दहा वर्षं ठेवली आणि शेवटी ३ लाखाला दिली तर? १२ लाख भागिले १ लाख २० हजार, किलोमीटरला १० रुपये. खाली आली. आणि इथे मला भरवशाचा खरा उपयोग कळला. भरवशाची गाडी रस्त्यात बंद पडत नाही हा फायदा आहेच, पण मोठा फायदा म्हणजे ती दहा वर्षं ठेवायची हिंमत होते. आणि दहा वर्षं ठेवायची तर ती चालवायला आवडलीपण पाहिजे, कारण माझ्या आजूबाजूला बघितलं तर चार-पाच वर्षांत गाडी विकणाऱ्यांची गाडी बिघडलेली नसतेच, त्यांना कंटाळा आलेला असतो. कंटाळ्यापोटी गाडी बदलणं हा सगळ्यात महाग मेंटेनन्स आहे! तर माझ्या हिशोबात पाच वर्षांची स्विफ्ट सोडून सेडान घेतली आणि दहा वर्षं ठेवली तर गाडीचे सव्वातीन रुपये आणि पेट्रोलचा सव्वा रुपया असं साडेचार रुपये किलोमीटर जास्त, म्हणजे महिन्याला साडेचार हजार. ही माझ्या मजेची किंमत. बायकोला आकडा दाखवला, ती म्हणाली ठीक आहे पण मग बाहेरचं जेवण कमी. मंजूर.

टॅक्सची गंमत ऐका मधेच. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि मोठीला ४०. पेट्रोलसाठी छोटी म्हणजे १२०० सीसीच्या आत आणि लांबी ४ मीटरच्या आत, दोन्ही पाहिजे. स्लाव्हियाचं इंजिन ९९९ सीसी, स्विफ्टचं ११९७, म्हणजे स्लाव्हियाचं इंजिन छोटं पण गाडी लांब म्हणून ती मोठ्यात. आता बोला.

स्विफ्ट चालवायला मजेशीर आहे, हलकी आहे, ९०० किलोच्या आसपास, वळणात पटकन वळते. पण २०२४ पासून तिचं चार सिलिंडरचं इंजिन गेलं आणि तीन सिलिंडरचं आलं, गावात ॲव्हरेज मस्त देईल, पण चार माणसं, सामान आणि एसी लावून चढाला जुन्या स्विफ्टमधला तो आवाज करत ओढणारा जोर मला जाणवला नाही. ज्यांना घाट नाही त्यांनी हे वाक्य सोडून द्या आणि स्विफ्ट घ्या.

स्लाव्हिया म्हणजे... काय सांगू. दरवाजा लावल्याचा आवाज ऐकूनच निम्मा माणूस बुकिंग करतो. ११५ पीएस ताकद, १७८ न्यूटन मीटर ओढ, हायवेला पुण्याकडे निघालो तर सहाव्या गिअरला टाकून विसरून जायचं. सस्पेन्शन खड्ड्यातून असं जातं की आपण रस्त्याची तक्रार करायची विसरतो, आणि कुंभार्लीत पावसाळ्यानंतर रस्ता म्हणून जे उरतं त्यात हे फार महत्त्वाचं आहे. ग्लोबल एनकॅपचे पाच स्टारपण. पण चढावरच्या आवळ वळणात स्पीड अगदी कमी झाला, समोरून एसटी आली, आणि सेकंडमध्ये इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या खाली गेलं की टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा) झोपतो, मग एकतर हाफ क्लच नाहीतर फर्स्ट. पूर्ण जोर १७५० पासून पुढे आहे, त्याच्या खाली ते एक लिटरचं इंजिनच आहे शेवटी. सवय होते म्हणतात, होतही असेल. ऑटोमॅटिक घेणाऱ्यांना एक सांगतो, १.० ला साधा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) आहे आणि १.५ ला ड्राय क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), गर्दीत मुंगीच्या पावलाने चालवायची असेल तर ड्राय क्लच तापतो, तेव्हा पहिलाच बरा. आणि इंजिनला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतले भाग जुळवून फिरवणारा पट्टा) आहे, चेन नाही, म्हणजे दहा वर्षांच्या हिशोबात तो बदलायचा खर्च धरायलाच लागतो. पण मला मागे खेचणारी गोष्ट ही की आमचा मिस्त्री तिच्या बॉनेटमध्ये हात घालायला तयार नाही. "दादा, ती कोल्हापूरला दाखवा." कोल्हापूर म्हणजे ७० किलोमीटर, एक सुट्टी गेलीच.

सिटीचं इंजिन बघून तोच मिस्त्री खूश. साधं १.५ चार सिलिंडर, टर्बो नाही, टायमिंग चेन, १२१ पीएस पण ते ६६०० फेऱ्यांना मिळतात म्हणजे इंजिन फिरवावं लागतं, आणि फिरवलं की जो काय आवाज आणि जो काय ओढा येतो ना, बास. खालून टर्बोसारखा धक्का नाही, पण जेवढं दाबाल तेवढंच, वळणातून बाहेर येताना सेकंडला हळूहळू सुरू होतं आणि वाढतच जातं. क्लच हलका. तोटे भरपूर, लपवत नाही. गाडी खाली लागते, आमच्या गल्लीतल्या हौशी स्पीडब्रेकरला तिरकी घ्यावी लागते. पत्रा स्लाव्हियाच्या मानाने हलका वाटतो. आणि लोक घाबरवतात की होंडापण जाईल, २०२० च्या डिसेंबरात ग्रेटर नोएडाचा प्लांट बंद केला, सिव्हिक आणि सीआर-व्ही बंद केल्या, शेवरोले गेली २०१७ ला, फोर्डने २०२१ ला गाशा गुंडाळला. ही भीती खोटी नाही. पण फोर्डने विक्री थांबवल्यावरही सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवले, आणि सिटी तर १९९८ पासून इथे आहे, इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की पार्ट बाजारात राहणार. असा माझा अंदाज, उद्या चुकला तर इथेच येऊन शिव्या घाला.

तर सिटी घेतली, मॅन्युअल. एमएच ५० पासिंग, पांढरी, कारण बायको.

टेस्ट ड्राइव्हबद्दल तेवढं लिहून थांबतो, ज्यांना घ्यायचीये त्यांच्यासाठी. शोरूमवाले हायवेच्या सर्व्हिस रोडने सपाट दोन किलोमीटर फिरवतात आणि सेल्समन शेजारी बसून सनरूफ दाखवतो. त्याने काही कळत नाही. मी प्रत्येक ठिकाणी एकच हट्ट धरला, चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून, चढ पाहिजे. एका ठिकाणी साहेब म्हणाले, पॉलिसीत बसत नाही. मी म्हटलं हरकत नाही, कोटेशन ठेवून घ्या. संध्याकाळी फोन आला, गाडी घरी पाठवतो म्हणाले. आईला मागे मधल्या सीटवर बसवलं, तिथून बुटक्या माणसाचे गुडघे कुठे जातात ते नीट कळतं, आणि उतारावर थर्डला टाकून ब्रेकवरचा पाय काढला, इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते बघितलं. न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्यांनी हे करूच नये, त्यांच्यासाठी कुठलीच कंपनी गाडी बनवत नाही.