घनतेचा कोरा रकाना

जमिनीच्या मूल्यमापनासाठी लागणारा मृदा सर्वेक्षणाचा अहवाल आणि नकाशा मला पहिल्याच खेपेत मिळाला आणि खड्डा खणून मातीच्या उभ्या छेदाची नोंदही एका दिवसात उरकली. अडलो तो प्रयोगशाळेत, एका कोऱ्या रकान्यावर.

नमुने दिल्यानंतर प्रत्येक फेरीला उत्तर एकच मिळे: "माती चिकण आहे, १५ बारच्या दाबाखाली पाणी सुटायला वेळ लागतो." ते खरेही होते. अखेर हाती आलेल्या कागदावर दोन आकडे होते: एक तृतीयांश बार दाबाला, म्हणजे जास्तीचे पाणी निचरून गेल्यावर, साधारण वाफशाला, वजनावर ३४ टक्के ओलावा आणि १५ बारला, म्हणजे पीक कायमचे कोमेजते तेव्हा, २० टक्के. वजाबाकी करून पिकाला उपलब्ध ओलावा १४ टक्के असे मी मूल्यमापनाच्या अर्जात भरले आणि अर्ज परत आला, कारण तिथे ओलावा मिलिमीटरमध्ये, म्हणजे पाण्याच्या थराच्या उंचीत, हवा होता. वजनावरच्या टक्क्यांचे मिलिमीटर करायला मातीची घनता लागते आणि नेमका तोच रकाना कोरा होता. चौकशी केली तेव्हा खिडकीपलीकडून शांतपणे ऐकवण्यात आले, "माती कुटून, चाळून पिशवीत आणलीत, तिची घनता कुठून काढणार?" पावतीच्या पाठीवर पिशवीला चिठ्ठी कशी बांधावी हे सविस्तर छापले होते, घनतेसाठी माती न विस्कटता आणावी हे मात्र नव्हते.

म्हणून पुन्हा खड्डा. घनतेसाठी ठरावीक आकारमानाचे धातूचे कडे मातीत ठोकून ती न विस्कटता काढावी लागते. कोरड्या जमिनीत माझी पहिली दोन ढेकळे फुटली, तेव्हा हे काम वाफशावरच करावे. नमुना १०५ अंशांवर वाळवल्यावर घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आली आणि ६० सेंटिमीटर खोलीसाठी उत्तर १०९ मिलिमीटर. मी खूश झालो, पण छेदाच्या नोंदीत एक चतुर्थांश आकारमान खड्यांचे आहे हे नंतर आठवले. कडे मी खडे चुकवून ठोकले होते, त्यामुळे तेवढी वजावट करणे भाग होते, उरले ८२. तिसऱ्या खेपेला अर्ज स्वीकारला गेला.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवते: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर, त्यामुळे नकाशातल्या मातीच्या नावावर विसंबून खड्डा टाळू नये. खड्ड्याच्या तळाशी करडे आणि गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले, तर तिथे पाणी साचून राहत असण्याची शक्यता मोठी. ओलाव्याचा हिशेब मांडण्याआधी निचरा तपासावा.