जाळीखाली कुठलंच मशीन नाहीये

मागच्या आठवड्यात एका गोडाऊनच्या मागच्या अंगणातल्या गटाराच्या जाळीत मी चमकदार हिरवा डाय ओतला, वर दोन बादल्या पाणी सोडलं आणि तिथल्या मॅनेजरला म्हटलं चला, जरा नाल्यापर्यंत चालत जाऊ. तो म्हणत होता की ही लाइन ड्रेनेजला जाते, म्हणजे शुद्धीकरण प्रकल्पाला. आम्ही नाल्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो आणि थोड्या वेळाने पाइपातून हिरवंगार पाणी पडायला लागलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, कारण त्याच जाळीत त्यांचे लोक रोज फरशी पुसलेलं पाणी ओतत होते.

माझ्या कामात हे इतक्यांदा होतं की आता मला आश्चर्यही वाटत नाही. बहुतेकांच्या डोक्यात "गटार" म्हणजे एकच गोष्ट असते. पण जिथे दोन वेगळ्या लाइन आहेत तिथे मोरी, बेसिन, संडासचं पाणी प्रकल्पात जातं आणि रस्त्याकडेच्या किंवा अंगणातल्या जाळीतलं पाणी थेट नाल्यात, नदीत, मध्ये कुठलंच मशीन नाही, फार तर कचरा अडवायला एखादी गाळणी. बऱ्याच जुन्या शहरांमध्ये दोन्हींची एकच लाइन असते, तिथे वेगळा त्रास, जोराचा पाऊस आला की पाइपात मावत नाही आणि सगळं मिसळून बाहेर सांडतं.

आणि गंमत अशी की घाण करणारे लोक बऱ्याचदा सगळ्यात टापटीप असतात. सकाळी होज पाइप घेऊन अंगण कसं लख्ख धुतात! अहो पण ती घाण गेली कुठे? पार्किंगमधलं ऑइल, ब्रेकच्या पॅडमधून पडणारं तांबं, टायरची झीज, सगळं जाळीत. टायरचं तर २०२० साली कळलं की त्यातल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाऊन कोहो सॅमन मासे काही तासांत मारतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं, पाण्याला हात लावायच्या आधी झाडू घ्या. ऑइल सांडलं तर आधी गळती थांबवा, मग जाळी झाका, मग भुसा किंवा शोषणारी पावडर टाकून गोळा करा, आणि तो भुसाही कचऱ्यात नुसता फेकू नका, वेगळा ठेवा.

"पण आमचा साबण बायोडिग्रेडेबल आहे" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं, सॉरी. तो साबण विघटन होतो हे खरं, पण त्याला दिवस लागतात, तोवर तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, आणि विघटन होताना पाण्यातला ऑक्सिजन खातो ते वेगळंच. सिमेंटचं काम करणारे मिक्सर धुतात ते पाणी तर pH १२ च्या आसपास, म्हणजे फारच क्षारीय असतं, दिसायला नुसतं पांढरट.

जेवण बनवणाऱ्या धंद्यांचं दुखणं मात्र मोरीतच आहे. ग्रीस ट्रॅप हा मोरीच्या पाइपावर बसवलेला एक साधा डबा असतो, पाणी त्यात संथ होतं, चरबी वर तरंगते, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. चरबी आणि गाळ मिळून डब्याच्या पाव उंचीइतके झाले की साफ करायचा, पण लोक काय करतात, कडक गरम पाणी आणि भरपूर साबण सोडतात, ट्रॅप मोकळा दिसतो आणि चरबी पुढे जाऊन पाइपात थंड होते, घट्ट होते. लंडनच्या व्हाइटचॅपलखाली २०१७ मध्ये असाच सापडलेला गोळा २५० मीटर लांब आणि १३० टनांचा होता. फ्राइंगचं वापरलेलं तेल तर ट्रॅपमध्येही घालायचं नाही, डब्यात साठवून गोळा करणाऱ्याला द्यायचं.

ऑइलचे किंवा रसायनाचे ड्रम ठेवायचे तर छताखाली आणि कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा. सर्वात मोठ्या ड्रमच्या ११० टक्के मावेल एवढा ट्रे असा एक सर्रास वापरला जाणारा अंदाज आहे.

त्या गोडाऊनमध्ये आता फरशीची बादली आतल्या बेसिनमध्ये रिकामी करतात, जाळीवर मोठ्या अक्षरात "फक्त पाऊस" असं रंगवलंय. फक्त मागच्या दाराजवळचा नळ तसाच आहे, मी म्हटलं होतं त्याचा दांडा काढून ठेवा, ते म्हणाले काढतो काढतो. परवा फोटो पाठवलाय त्यांनी, जाळी दिसतेय, अक्षरं दिसतायत, आणि कोपऱ्यात त्याच नळाला होज पाइप लावलेला.