अळ्या पोसणारी बाग

आपल्याकडे झाडावर अळी दिसली रे दिसली की लगेच तंबाखूचं पाणी नाहीतर कडुनिंबाचा फवारा. आणि इथे ह्यूस्टनमधे मी अळी यावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली असते! मोनार्क नावाच्या फुलपाखराची अळी मिल्कवीड हे चिकाचं रोप सोडून दुसरं काही खातच नाही, त्यामुळे पानांची पार चाळण झाली की आमच्याकडे सण. मोठी अळी काय हुशार असते बघा, आधी पानाची मधली शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग निवांत जेवायला बसते. तरी जो काही विषारी चीक पोटात जातो त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मारुतीला वाहतो ती रुई याच भावकीतली, तिच्यावरही मोनार्कची चुलत भावंडं वाढतात.

नर्सरीत मात्र बहुतेक वेळा लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड मिळतं, आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात तेच. देखणं आहे, पण इथलं नाही. इथल्या उबदार हिवाळ्यात ते वाळतच नाही, मग त्याच त्या पानांवर ओई नावाचा परजीवी साठत जातो, अळ्या तीच पानं खातात आणि फार लागण झाली तर फुलपाखरू चुरगळलेल्या पंखांनी बाहेर येतं. इथलं अस्सल मिल्कवीड, अँटेलोपहॉर्न, म्हणजे हिरवट फुलांचं, जमिनीलगत पसरणारं, थंडीत गुडुप होणारं प्रकरण. त्याच्या बियांना आधी थंडी दाखवावी लागते, म्हणून ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रिजमधे, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. घरच्यांनी विचारणं सोडून दिलंय.

मार्चमधे मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरात हिवाळा काढून आलेल्या माद्या टेक्सासमधे अंडी घालतात, तेव्हा मिल्कवीड उगवलेलं हवं, नाहीतर पुढची पिढी बोंबलली. तो डोंगरातला मुक्काम शास्त्रज्ञांना सापडायला १९७५ साल उजाडलं, तिथल्या गावकऱ्यांना तो माहीत होताच म्हणा. ऑक्टोबरमधे उलटा प्रवास, तेव्हा पानं नकोत, मध हवा, कारण हिवाळाभर पुरेल एवढी चरबी साठवायची असते, म्हणून कुंपणापाशी ग्रेग्ज मिस्टफ्लॉवर लावलंय.

मधल्या काळात बाग अगदीच भकास दिसते. गवत वाढलंय म्हणून सोसायटीचं पत्रही आलं, मग मी 'पोलिनेटर गार्डन' अशी पाटी ठोकली. आता पत्र येत नाही, उलट लोक थांबून फोटो काढतात. पाटीचा हं, फुलं कुठायत!